स्वभावाला औषध

स्वभावाला औषध नाहीं, अशी आपल्याकडे म्हण आहे. घरांतील एखादें माणूस एकाएकीं चिडखोर झालें, क्षुल्लक गोष्टीवरून डोळ्यांना पाणी आणूं लागलें, त्याच्या हातांतील पेला हिंदकळूं लागला, रात्रीं झोंप येईनाशी झाली, तर घरचीं माणसें चार दिवस समजूत घालतात आणि पांचव्या दिवशीं ही म्हण उच्चारून मोकळीं होतात. ती व्यक्ति सून असेल तर दोष माहेरच्या वळणावर जातो. कर्ता पुरुष असेल तर कचेरींतील कामावर. वयांत आलेली मुलगी असेल तर परीक्षेवर. म्हण बहुतेक वेळां खरी असेल. पण निदान एका रोगाच्या बाबतींत ती साफ खोटी आहे. त्या रोगांत स्वभाव बिघडतो तो गळ्यांतील एका लहानशा ग्रंथीमुळें, आणि त्याला औषध आहे. एक नव्हे, तीन प्रकारचे उपाय आहेत. त्या रोगाचा व त्या उपायांचा परिचय करून देणें एवढाच या भाषणाचा हेतु आहे.

मानेच्या पुढच्या बाजूस, कंठमण्याच्या खालीं, श्वासनलिकेला बिलगून ही ग्रंथि असते. तिचा आकार पंख पसरलेल्या फुलपांखरासारखा आणि वजन सुमारें १५ ते २० ग्रॅम, म्हणजे जुन्या मापानें सव्वा ते पावणेदोन तोळे. इंग्रजींत तिला थायरॉइड म्हणतात. मराठींत कंठग्रंथि म्हटलें तरी चालेल. अन्नांतून व मिठांतून आलेलें आयोडीन ही ग्रंथि रक्तांतून वेंचून घेते आणि त्यापासून दोन रस तयार करते. एकाच्या रेणूंत आयोडीनचे चार अणु असतात, दुसऱ्याच्या रेणूंत तीन. पहिल्याचें नांव थायरॉक्सिन. अमेरिकेंतील एडवर्ड केंडॉल यांनीं तो १९१४ सालच्या नाताळच्या दिवशीं शुद्ध स्वरूपांत वेगळा केला. हे रस रक्तावाटे शरीराच्या कानाकोपऱ्यांत जातात आणि प्रत्येक पेशीनें आपलें इंधन किती वेगानें जाळावें हें ठरवितात. शेगडीला पंख्यानें वारा घालावा तसें हें काम आहे. वारा कमी पडला तर निखारे विझूं लागतात. माणूस सुस्त, थंड व जड होतें. वारा अति झाला तर कोळसा भराभर जळतो, भांडें उतूं जातें आणि अन्न मात्र धड शिजत नाहीं. ग्रंथीची आणखी एक खुबी अशी कीं, तयार माल ती सगळाच्या सगळा तत्काळ खर्च करीत नाहीं. कित्येक आठवडे पुरेल इतका सांठा आपल्या वखारींत ठेवते. ही गोष्ट पुढें औषधांचा विचार करतांना उपयोगी पडेल.

ग्रंथि स्वयंभू नाहीं. मेंदूच्या तळाशीं पिट्युइटरी नांवाची वाटाण्याएवढी ग्रंथि आहे. ती हिच्यावर मुख्याध्यापकासारखी देखरेख करते. रक्तांतील रस कमी झाला कीं ती टी. एस. एच. नांवाचा हुकूम पाठविते. रस पुरेसा झाला कीं हुकूम थांबवितें, असा तिचा शिरस्ता आहे. निरोगी शरीरांत ही शिस्त अहोरात्र बिनबोभाट चालते. मग बिघाड कोठें होतो? या रोगाच्या सर्वांत नेहमींच्या प्रकारांत असें होतें कीं, बाहेरून येणाऱ्या रोगजंतूंशीं झगडण्यासाठीं शरीर जीं प्रतिद्रव्यें बनवितें, त्यांपैकीं कांहीं चुकून या ग्रंथीविरुद्ध तयार होतात आणि नेमकी मुख्याध्यापकाच्या सहीची नक्कल करतात. खरा मुख्याध्यापक गोंधळ पाहून केव्हांच गप्प बसलेला असतो. पण बनावट हुकूम येतच राहतात, आणि बिचारी ग्रंथि ते खरे मानून राबत सुटते. या उलगड्याचा पहिला धागा १९५६ सालीं न्यूझीलंडमधील अ‍ॅडम्स आणि पर्व्हस या दोन संशोधकांच्या हातीं लागला.

रस प्रमाणाबाहेर वाढला म्हणजे काय होतें? भूक चांगली, किंबहुना पूर्वीपेक्षां अधिक. दोन पोळ्या खाणारा चार खातो आणि तरीहि अंगावरचे कपडे सैल होत जातात. बसल्या जागीं नाडी मिनिटाला शंभराच्या वर चालते. हात पुढें पसरून बोटांवर कागद ठेवला तर तो थरथरतो. थंडीच्या दिवसांतहि पांघरूण नकोसें होतें आणि घाम सुटतो. शौचाला वारंवार जावें लागतें. स्त्रियांची मासिक पाळी अनियमित होते. जिना चढतांना मांड्या भरून येतात. मन एका ठिकाणीं ठरत नाहीं. राग, रडें आणि भीति जणूं दाराशींच उभीं असतात. कित्येकांचे डोळे पुढें आल्यासारखे दिसतात आणि नजर टक लावल्यासारखी वाटते. वृद्धांमध्यें मात्र हा रोग वेष पालटून येतो. तेथें चिडखोरपणा नाहीं, थरथर नाहीं. माणूस नुसतें खंगत जातें, उदास बसतें, आणि हृदयाचे ठोके ताल सोडून पडूं लागतात. घरचीं माणसें याला म्हातारपण म्हणून सोडून देतात.

पुरुषांपेक्षां स्त्रियांना हा रोग कित्येक पटींनीं अधिक होतो, आणि तोहि बहुधा ऐन संसाराच्या वयांत. म्हणूनच रोग दिसण्यापूर्वीं स्वभाव दिसतो आणि वैद्याआधीं शेजारीण निदान करते. हा अन्याय केवळ आपल्याकडील नव्हे. इंग्लंडांतील बाथ या गांवचे डॉक्टर केलेब पॅरी यांनीं अशी पहिली रोगी १७८६ सालीं पाहिली; त्यांचीं टिपणें त्यांच्या मृत्यूनंतर, १८२५ सालीं, प्रसिद्ध झालीं. पुढें १८३५ सालीं डब्लिन येथील रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनीं या रोगाचें जें वर्णन छापलें, त्यांत एका वीस वर्षांच्या बाईची हकीकत आहे. तिचीं लक्षणें प्रथम हिस्टेरियाचीं म्हणून समजलीं गेलीं होतीं. सुमारें तीन महिने लोटल्यावर कोणाच्या तरी ध्यानांत आलें कीं, तिची नाडी विलक्षण जलद चालते. नाडीवर बोट ठेवावयास अर्धा मिनिट लागतो. तो अर्धा मिनिट मिळावयास तीन महिने लागले. १८४० सालीं जर्मनींतील मेर्सेबुर्ग येथील कार्ल फॉन बासेडो यांनीं गळ्याची गांठ, पुढें आलेले डोळे व हृदयाची धडधड या तिन्हींची सांगड घातली. त्यामुळें इंग्रजी बोलणाऱ्या देशांत हा ग्रेव्ह्जचा रोग, तर युरोपांत पुष्कळ ठिकाणीं बासेडोचा रोग म्हणून ओळखला जातो.

रस वाढण्याचें हें एकच कारण नाहीं. कांहीं रोग्यांच्या ग्रंथींत एक किंवा अनेक गांठी होतात आणि त्या कोणाचाहि हुकूम न मानतां स्वतंत्रपणें रस पाझरवितात. कधीं ग्रंथीला सूज येऊन वखारच फुटते आणि सांठलेला माल रक्तांत सांडतो. बाळंतपणानंतर कांहीं महिन्यांनीं असें होऊं शकतें. हा शेवटचा प्रकार बहुधा कांहीं आठवड्यांत आपोआप ओसरतो. त्यांत ग्रंथीचें काम थांबविणाऱ्या गोळ्यांचा उपयोग होत नाहीं, कारण नवीन माल तयार होतच नसतो. म्हणून रस वाढला आहे एवढें कळून भागत नाहीं. तो कां वाढला हेंहि कळावें लागतें. रक्ताच्या तपासणींत टी. एस. एच. अगदीं खालीं गेलेला आणि ग्रंथीचे रस वर चढलेले दिसले म्हणजे रोगाची खात्री पटते. त्यानंतर बनावट हुकमांची, म्हणजे त्या प्रतिद्रव्यांची, तपासणी करतात किंवा ग्रंथि आयोडीन किती शोषून घेते तें यंत्रानें पाहतात. येथें एक सूचना: केस वाढावेत म्हणून हल्लीं बायोटिन नांवाच्या गोळ्या पुष्कळ लोक घेतात. त्या गोळ्यांमुळें कांहीं यंत्रांवर निरोगी माणसाच्या रक्तांतहि हा रोग असल्याचा भास होतो. तपासणीपूर्वीं ही गोष्ट डॉक्टरांच्या कानांवर अवश्य घालावी.

आतां उपायांकडे वळूं. सुरुवातीला हृदयाची धडधड व हातांचा कंप आवरण्यासाठीं प्रोप्रॅनोलॉलसारखें औषध देतात. यानें ग्रंथि सुधारत नाहीं. परंतु उधळलेल्या घोड्याचा लगाम खेंचला जातो आणि रोग्याला थोड्याच अवधींत हायसें वाटतें. दमेकऱ्याला हें औषध बाधतें, म्हणून दमा असल्यास तो आधींच सांगावा.

खरा पहिला उपाय म्हणजे ग्रंथीचें काम मंद करणाऱ्या गोळ्या. त्यांचा शोध सशांच्या पिंजऱ्यांतून सुरू झाला. १९२८ सालीं अमेरिकेंत बाल्टिमोर येथें प्रयोगासाठीं पाळलेल्या सशांचे गळे सुजूं लागले, आणि चौकशीअंतीं त्याचें मूळ त्यांना घातल्या जाणाऱ्या कोबींत सांपडलें. पुढें उंदरांवरील प्रयोगांत कांहीं गंधकयुक्त द्रव्यांनीं ग्रंथीचें काम बंद पडतें असें दिसून आलें. दुसऱ्यानें ही गोष्ट विषाच्या यादींत टिपून ठेवली असती. बोस्टनचे एडविन अ‍ॅस्टवुड यांनीं तिच्यांत औषध पाहिलें, आणि १९४३ सालीं अशा द्रव्यांनीं माणसांचा रोग आटोक्यांत आणल्याचें प्रसिद्ध केलें. आज आपल्याकडे मुख्यत्वें कार्बिमॅझोल व मेथिमॅझोल हीं औषधें वापरतात. कार्बिमॅझोलचें शरीरांत गेल्यावर मेथिमॅझोलच होतें. आयोडीन जोडून रस तयार करण्याची जी क्रिया ग्रंथींत चालते, तीच हीं औषधें अडवितात. परंतु गिरणी बंद झाली तरी वखारींतला माल संपावयास वेळ लागतो. म्हणून गोळ्यांचा गुण यावयास तीन ते सहा आठवडे लागतात. पुष्कळ रोगी पंधरा दिवसांत धीर सोडतात आणि डॉक्टर बदलतात. त्यांनीं ही वखारीची गोष्ट आठवावी. उपचार साधारणपणें १२ ते १८ महिने चालतो. त्यानंतर गोळ्या थांबविल्यावर सुमारें निम्म्या रोग्यांचा रोग दबलेला राहतो. उरलेल्यांना तो पुन्हां गांठतो.

या गोळ्यांसंबंधीं एक गोष्ट प्रत्येक घरानें पाठ करून ठेवावी. हजारांत दोन ते पांच रोग्यांमध्यें या औषधानें रक्तांतील जंतुनाशक पांढऱ्या पेशी एकाएकीं नाहींशा होतात. हें बहुधा पहिल्या तीन महिन्यांत घडतें. त्याची खूण म्हणजे ताप, घशाची जबर वेदना किंवा तोंडांतील फोड. गोळ्या घेणाऱ्या माणसाला असें कांहीं झालें तर हवापालट झाली असेल, उद्यां बरें वाटेल, असें म्हणत काढा देत बसूं नये; गोळी त्याच दिवशीं थांबवावी आणि त्याच दिवशीं रक्तांतील पांढऱ्या पेशी मोजून घ्याव्या. वेळीं ओळखलें तर बहुतेक रोगी वांचतात. दोन दिवसांची दिरंगाई प्राणावर बेतूं शकते. कावीळ दिसली तरीहि हाच नियम. अंगाला नुसती खाज सुटणें हें त्या मानानें साधें आहे. परंतु तेंहि डॉक्टरांना सांगावें.

दुसरा उपाय किरणोत्सर्गी आयोडीनचा. त्याचा जन्म एका व्याख्यानानंतरच्या प्रश्नांतून झाला. १९३६ सालच्या नोव्हेंबरांत बोस्टन येथें कार्ल कॉम्प्टन या पदार्थविज्ञानवेत्त्याचें व्याख्यान झालें. श्रोत्यांत सॉल हर्ट्झ नांवाचे एक तरुण डॉक्टर होते. आयोडीन कृत्रिम रीतीनें किरणोत्सर्गी करतां येईल काय, असा त्यांनीं प्रश्न विचारला. ग्रंथीला आयोडीनची हांव असते हें त्यांना ठाऊक होतें. तेव्हां तिच्याच हांवेचा उपयोग करून औषध नेमकें तिच्या पोटांत पोंचवावें, ही त्यामागील कल्पना. सशांवर प्रयोग झाले, आणि १९४१ सालीं पहिल्या रोग्याला तें औषध देण्यांत आलें. आज आयोडीन १३१ हा प्रकार वापरतात. त्याची शक्ति दर आठ दिवसांनीं निम्मी होत जाते, आणि ज्या किरणांनीं काम होतें ते ग्रंथींत एखाद-दोन मिलिमीटरच जातात. त्यामुळें शेजारचे अवयव फारसे दुखावत नाहींत. रोग्याला फक्त एक कॅप्सूल किंवा घोटभर द्रव प्यावा लागतो. गुण दोन ते सहा महिन्यांत येतो. मुंबईंत परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटर, जें आज भाभा अणुसंशोधन केंद्राचा एक भाग आहे, तें १९६३ सालीं स्थापन झालें, आणि तेव्हांपासून तेथें कंठग्रंथीच्या विकारांवर या उपायानें काम चालत आलें आहे. अणु म्हटल्यावर ज्यांना केवळ बाँब आठवतो, त्यांनीं ही दुसरी बाजूहि लक्षांत ठेवावी.

या उपायाचीं पथ्यें मात्र कडक आहेत. गर्भारपणीं व मूल अंगावर पीत असतां तो वर्ज्य आहे. त्यानंतर निदान सहा महिने स्त्रीला दिवस राहूं नयेत. डॉक्टर सांगतील तितके दिवस लहान मुलांना व गर्भवतींना जवळ घेऊन बसूं नये. ज्यांचे डोळे या रोगानें अगोदरच बिघडले आहेत, त्यांचे डोळे यानें अधिक बिघडण्याचा संभव असतो. आणि बहुतेकांची ग्रंथि पुढें इतकी मंदावते कीं, थायरॉक्सिनची गोळी जन्मभर घ्यावी लागते. अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांना १९९१ सालीं धांवतांना हृदयाचे ठोके अनियमित झाले. तपासांत ग्रेव्ह्जचा रोग निघाला आणि त्यांना हेंच औषध देण्यांत आलें. त्यांच्या पत्नी बार्बरा यांना तोच रोग १९८९ सालीं जडलेला होता. रोग संसर्गजन्य नाहीं; पण राजवाड्यालाहि तो वर्ज्य नाहीं, एवढें यावरून दिसतें.

तिसरा उपाय शस्त्रक्रियेचा. वयानें तो सर्वांत वडील. स्वित्झर्लंडांतील बेर्न येथील थिओडोर कोखर यांनीं गळ्यांतील गांठींच्या हजारों शस्त्रक्रिया केल्या, आणि ज्या कामांत पूर्वीं अनेक रोगी टेबलावरच दगावत, त्यांत मृत्यूचें प्रमाण शंभरांत एकाच्याहि खालीं आणलें. परंतु त्यांची खरी थोरवी निराळी आहे. आपले जुने रोगी पुन्हां बोलावून तपासले असतां, ज्यांची ग्रंथि समूळ काढली ते मंद व सुजट झाल्याचें त्यांना दिसलें. आणि आपल्याच शस्त्रक्रियेचें हें फळ त्यांनीं १८८३ सालीं जाहीरपणें मांडलें. १९०९ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. लेनिनची पत्नी क्रुप्स्काया हिला हाच रोग होता. १९१३ सालीं लेनिन तिला बेर्नला घेऊन गेला आणि कोखर यांनीं तिची शस्त्रक्रिया केली. ती पुढें १९३९ सालापर्यंत हयात होती. पुढें १९२३ सालीं अमेरिकेंतील हेन्री प्लमर यांनीं शस्त्रक्रियेपूर्वीं आयोडीनचे थेंब देण्याची रीत घातली आणि धोका आणखी कमी झाला. आज गोळ्यांनीं रोग शांत करूनच चाकू हातांत घेतात. गांठ फार मोठी असेल, तिच्यांत कर्करोगाचा संशय असेल, किंवा गोळ्या व किरण दोन्ही अयोग्य असतील, तेव्हां हा मार्ग उत्तम. ग्रंथीमागून स्वरयंत्राची नाजूक शीर जाते आणि रक्तांतील कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार चिमुकल्या ग्रंथि तिच्या पाठीशीं बसलेल्या असतात. त्यांना इजा झाली तर आवाज बसतो किंवा हातापायांना वांब येतात. म्हणून असें काम नेहमीं करणाराच शस्त्रवैद्य गांठावा. शस्त्रक्रियेनंतरहि थायरॉक्सिनची गोळी आहेच.

तीन मार्गांपैकीं कोणता श्रेष्ठ, असा प्रश्न सर्वच विचारतात. एकच उत्तर सर्वांना लागू नाहीं. वय, गांठीचा आकार, डोळ्यांची स्थिति आणि मूल हवें आहे कीं नाहीं, या गोष्टी तराजूंत घालूनच निवड करावी लागते. विशेषतः मूल हवें असणाऱ्या स्त्रीनें दिवस राहण्यापूर्वींच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत कार्बिमॅझोलनें गर्भाला व्यंग येऊं शकतें, म्हणून त्या काळांत औषध लागलेंच तर प्रोपिलथायोयुरॅसिल नांवाची दुसरी गोळी देतात. भीतीनें आपल्या मनानें गोळी बंद करणें हेंहि तितकेंच घातक. अनावर रोगानें आई व मूल दोघांनाहि धोका असतो. अर्धवट सोडलेल्या उपचारावर एखादा मोठा ज्वर किंवा शस्त्रक्रिया येऊन पडली, तर रोग एकाएकीं भडकून प्रचंड ताप, बेफाम नाडी व भ्रम होतो. अशा रोग्याला घरीं ठेवूं नये. तडक इस्पितळांत न्यावें.

दोन गोष्टी घरच्या हातांतील आहेत. पहिली तंबाखूची. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे डोळे या रोगांत अधिक प्रमाणांत व अधिक वाईट बिघडतात, आणि त्यांना औषधहि कमी लागू पडतें. दुसरी मिठाची. आयोडीननें रोग होतो असें ऐकून कित्येक घरें आयोडीनयुक्त मीठच बंद करतात. त्याची गरज नाहीं. मात्र समुद्रशेवाळाच्या गोळ्या, शक्तिवर्धक म्हणून विकलीं जाणारीं आयोडीनचीं चूर्णें, आणि वजन उतरविण्यासाठीं चोरून घेतलेलें थायरॉक्सिन यांना घरांत थारा देऊं नये.

उपचार लागू पडूं लागला म्हणजे प्रथम नाडी उतरते, मग झोंप येते, मग वजन भरतें; आणि सर्वांच्या मागून, कित्येकदां महिन्यांनीं, मन ठिकाणावर येतें. रक्ताचा कागद निर्दोष आला तरी माणूस अजून चिडतें, म्हणून घरच्यांनीं पुन्हां जुना शेरा मारूं नये. गोळी डॉक्टर देतील; हे मधले महिने मात्र घरानेंच द्यावयाचे असतात. आणि ज्या घरांत हा रोग अद्याप कोणाच्या ध्यानींहि नाहीं, पण एखादें शांत माणूस कांहीं महिन्यांत ओळखूं येईनासें झालें आहे, त्या घरानें त्याच्या वागण्याचा न्याय करण्यापूर्वीं त्याच्या मनगटावर बोट ठेवून मिनिटभर घड्याळ पाहावें.